अंगणात गेलेली शाळा

अलीकडे शिक्षणाची चर्चा निघाली की एक विचार हटकून कानावर पडतो. वर्गात बसलेली चाळीस मुले चाळीस तऱ्हेची असतात. प्रत्येकाची गती निराळी, आवड निराळी आणि अडखळण्याची जागाही निराळी. तेव्हा सर्वांना एकाच दिवशी एकच धडा शिकवायचा आणि वर्षाच्या शेवटी एकाच प्रश्नपत्रिकेने सर्वांना मोजायचे, हा अन्याय आहे. टॅब, मोबाईल आणि संगणक यांच्या मदतीने हा अन्याय आता दूर होईल, असे सांगितले जाते. मूल उत्तर देते, यंत्र ते तत्काळ तपासते, चुकले तर थोडा सोपा प्रश्न पुढे करते, बरोबर आले तर थोडा अवघड, आणि कोण कोठे अडले याचा तक्ता शिक्षकासमोर ठेवते. पाठ्यपुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर मोबाईल धरला की दीक्षा अ‍ॅपवरचा पाठ उघडतो, हे तर आपल्यापैकी अनेकांच्या धाकट्या भावंडांनी घरात करून दाखवले आहे.

यंत्र नवे आहे, यात शंका नाही. परंतु शाळेप्रमाणे मूल घडवण्याऐवजी मुलाप्रमाणे शाळा बदलावी, हा विचार मात्र नवा नाही. आपल्या मराठी मुलखात तो जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. ज्या बाईंनी त्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्या कामातून रूढ झालेला एक शब्द आज परभणी जिल्ह्यातल्या गावोगाव रोज उच्चारला जातो. शब्द राहिला, त्याच्यामागचे नाव मात्र पुसट झाले. ते नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणातली. मुलीला शिकवावे की नाही, हा प्रश्नच या घरात नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेतलेली स्त्री पाहायला लोक वळून बघत असतील, अशी ती गोष्ट. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली ताराबाई पतीपासून कायदेशीररीत्या विभक्त झाल्या आणि लहानग्या मुलीला, प्रभाला, घेऊन एकट्या उभ्या राहिल्या. रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक ताराबाईंच्याच जीवनावर बेतलेले आहे. ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना या भागाविषयी अधिक सांगायला नको. एवढेच लक्षात घ्यावे की एकोणतीस वर्षांची, घटस्फोट घेतलेली, कडेवर मूल असलेली बाई १९२१ सालच्या समाजात कामासाठी बाहेर पडत होती. पुढे ज्या मुलांना कोणत्याही शाळेत जागा नव्हती त्यांच्याकडे ही बाई ओढली गेली, याचे एक कारण इथेही असावे असे मला वाटते.

राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पद मानाचे होते, पगार चांगला होता, राहायला घर होते. या पदावर त्या आयुष्यभर राहिल्या असत्या तरी कोणी नाव ठेवले नसते. पण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांमध्ये रमले आहेत, ही वार्ता त्यांच्यापर्यंत आली. १९२३ साली राजकोटची नोकरी सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या.

गिजुभाईंची हकिकत मोठी गोड आहे. पूर्व आफ्रिकेत काही काळ घालवून आलेला हा काठियावाडी वकील. मुलगा झाला तेव्हा याला कसे वाढवावे या काळजीने तो पुस्तके चाळू लागला आणि मारिया माँटेसरी या इटालियन बाईंच्या विचारांपाशी येऊन थांबला. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांचा एवढा जीव होता की गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणत. ताराबाई त्यांच्यापेक्षा सातएक वर्षांनी लहान होत्या. गिजुभाईंच्या कामाला शास्त्राची आणि संघटनेची बैठक देण्यात ताराबाईंचा वाटा फार मोठा आहे. एक मराठी बाई गुजराती शिकते काय, त्या भाषेत बालशिक्षणावर लिहिते काय, मासिकाच्या संपादनात भाग घेते काय! १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाई भावनगरला सुमारे नऊ वर्षे होत्या.

या बालमंदिरात नेमके काय चालत असे, ते थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण आजच्या टॅबचे मूळ तिथे सापडते.

माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात एक लाकडी ठोकळा असतो. त्यात दहा भोके आणि त्या भोकांत बसणारे, वर धरायला छोटी मूठ असलेले दहा लाकडी दट्टे. एक दुसऱ्यापेक्षा किंचित जाड किंवा किंचित उंच. मुलाने सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. एखादा दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्टा असा उरतो जो कुठेच बसत नाही. शिक्षिकेने काही बोलण्याची गरज नाही. मूल स्वतः थांबते, पाहते, काढते, पुन्हा बसवते. कोणी त्याला पाच मिनिटांत करते, कोणी पाऊण तास घेते. कोणी आज दहा वेळा करते आणि उद्या त्याकडे ढुंकून पाहत नाही. परीक्षा तिथेच होते, निकाल तिथेच लागतो आणि नापास कोणीच होत नाही.

यंत्राने मुलाचे उत्तर तत्काळ तपासून त्याला पुढची पायरी द्यावी, या आजच्या कल्पनेचा गाभा याहून वेगळा नाही. फरक एवढाच की दट्टा मुलाला चूक दिसू देतो, आणि यंत्र चूक सांगते. हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण स्वतःला दिसलेली चूक आणि दुसऱ्याने तांबड्या फुलीने दाखवलेली चूक यांतले अंतर आपण सर्व विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर अनुभवलेले आहे.

आणखी एक गोष्ट. बालमंदिरात गुण नव्हते, तरी मूल्यमापन नव्हते असे मुळीच नाही. उलट ते फार कडक होते, पण ते शिक्षिकेच्या डोळ्यांवर सोपवलेले होते. कोणत्या मुलाने आज कोणते साहित्य उचलले, किती वेळ त्यावर टिकले, कोणाशी बोलले, कशाने रुसले, याकडे लक्ष ठेवायचे आणि त्यावरून उद्या त्याच्यापुढे काय ठेवायचे ते ठरवायचे. निरीक्षण हे या पद्धतीतले सर्वांत अवघड काम. शिकवणारी बाई गप्प बसायला शिकली पाहिजे, ही अट आपल्याकडच्या गुरुजींच्या परंपरेला पचणे सोपे नव्हते. आजही नाही. (प्राध्यापक मंडळींनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

१९३३ पासून ताराबाईंनी शिक्षणपत्रिका हे मासिक मराठीत चालवले. हे वर्ष मराठवाड्याच्या दृष्टीनेही आठवण्यासारखे आहे. तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी जे माध्यमिक शाळेत पोहोचले, ते भूगोल आणि गणित उर्दूतून शिकले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने शाळेत परकी भाषा तोंडपाठ करायची, आणि तिकडे मुंबईत मुलाच्या स्वतःच्या गतीचा, स्वतःच्या भाषेचा विचार मराठीत मांडला जात होता. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. परभणीच्या वर्गात हा विचार मोकळेपणाने येण्यासाठी आधी १७ सप्टेंबर १९४८ यावा लागला.

१९३६ साली मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही जोडीला होते. १९३९ मध्ये माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि त्यांच्या वर्गांमुळे देशभर बालमंदिरांचे वारे वाहू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये गिजुभाई वारले. बालशिक्षणाच्या क्षेत्रात आता ताराबाई सर्वमान्य होत्या. मध्यमवर्गीय आईबाप मुलांना हौसेने बालमंदिरात घालू लागले होते. इथेच एखाद्याचे चरित्र सुफळ संपूर्ण झाले असते.

पण या यशात एक खोट होती, आणि ती ताराबाईंना दिसली होती. माँटेसरीचे साहित्य महाग. ते ठराविक मापाचे, गुळगुळीत लाकडाचे, रंगवलेले, कपाटात ठेवायचे. त्यासाठी चांगली खोली हवी, लहान टेबलखुर्च्या हव्यात, धुतलेल्या हातापायांची मुले हवीत. म्हणजे प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकू द्यायचे हे तत्त्व खरे, पण ते ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांना लागू. दादरच्या मुलांची गती जपली जात होती. खेड्यातल्या मुलाला गती आहे की नाही हे पाहायलाही कोणी जात नव्हते. गांधीजी नई तालीममध्ये लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार करू लागले होते, त्यांचीही मागणी हीच होती की खेड्याला परवडेल असे काही तरी काढा. आजच्या टॅबविषयी आपल्याकडे जो वाद चालतो, तोच हा वाद. फक्त लाकडाच्या जागी काच आली आहे.

डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणाची तळमळ असलेले लोक होते, म्हणून गाव निवडले गेले. याच वर्षी त्या परिसरातले वारली वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. एकाच मुलखात, एकाच वर्षी, दोन मराठी बायका दोन निराळ्या वाटांनी गेल्या. या योगायोगावर कोणी तरी स्वतंत्र लेख लिहावा.

बोर्डीत ताराबाईंबरोबर अनुताई वाघ होत्या. मोरगावच्या, बालविधवा, शिक्षिका, ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. दोघींची भेट बोरिवलीच्या एका प्रशिक्षण शिबिरात झाली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे दोघी एकत्र राहिल्या. अनुताईंशिवाय ताराबाईंचा हा उत्तरार्ध घडलाच नसता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. कल्पना ताराबाईंच्या असत, पण त्या कल्पना पायी चालत वस्तीत नेण्याचे काम बहुतेक अनुताईंनी केले.

बालवाडी उघडली. ठराविक घरांतली मुले आली, हरिजनवाड्यातली मुले मात्र आली नाहीत. बोलावणे गेले, तरी आली नाहीत. कारणे उघड होती. अंगावर कपडा नाही, धाकटे भावंड सांभाळायचे, आईबाप पहाटेच कामावर गेलेले, आणि गावाच्या मध्यभागी जाऊन बसायची तर छातीच नाही. यावर दोन उपाय होते. एक, मुलांना आणि पालकांना अडाणी ठरवून गप्प बसणे. शिक्षण खात्यात हा उपाय फार जुना आणि लोकप्रिय आहे. दुसरा उपाय ताराबाईंनी केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यायची. वाड्यातल्याच एखाद्या अंगणात, झाडाखाली, शिक्षिका जाऊ लागली. आधी नाक-डोळे पुसायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची, मग गाणे, मग खेळ, मग बाकीचे. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

आणि साहित्य? ते तिथेच पडलेले होते. शिंपले, गारगोट्या, चिंचोके, गुंजा, पाने, फुले, माती, काड्या, नारळाच्या करवंट्या. लहानमोठे ओळखायचे तर खडे लावा. रंग जुळवायचे तर पाने लावा. जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, सगळे निसर्गात आहे. रोममध्ये सुताराकडून घडवून घेतलेल्या वस्तूंचे तत्त्व ताराबाईंनी ठेवले आणि वस्तू टाकून दिल्या. मला ताराबाईंचे सर्वांत मोठे बुद्धीचे काम हेच वाटते. परदेशातून आलेल्या पद्धतीची नक्कल करणारे पुष्कळ असतात, तिला नावे ठेवणारेही पुष्कळ असतात. तिच्यातले मूळ सूत्र ओळखून बाकीचे सोडून देणारा माणूस दुर्मीळ.

गंमत अशी की नेमक्या याच काळात सातासमुद्रापलीकडे दुसऱ्या एका माणसाला हाच प्रश्न पडला होता. १९५३ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसले. ज्यांना येते ती मुले कंटाळलेली, ज्यांना येत नाही ती गोंधळलेली, आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागणार. घरी येऊन त्यांनी शिकवणारे यंत्र बनवायला घेतले. आजच्या शैक्षणिक अ‍ॅपची वंशावळ तिथून सांगतात. स्किनरांनी वर्ग तसाच ठेवून मुलाच्या हातात यंत्र दिले. ताराबाईंनी मुलाच्या हातात त्याचाच खडा ठेवला आणि वर्ग हलवला. दोघांचे निदान एक, उपचार निराळे. कोणाचा खरा आणि कोणाचा खोटा असे मी म्हणणार नाही. पण परभणी जिल्ह्यात राहून विचार केला तर दुसरा उपचार अधिक मोलाचा वाटतो, आणि तो का, हे ताराबाईंच्या पुढच्या कामाकडे पाहिले की कळते.

१९५७ मध्ये पासष्टीच्या ताराबाईंनी बोर्डीहून मुक्काम हलवून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेला. आता वारली मुले समोर होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्याचा विकासवाडीचा प्रयोग तिथे वाढला. त्यामागचे कारण साधे होते. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते म्हणून शाळेत येत नाही. धाकट्याची सोय त्याच आवारात केली की बहीण मोकळी होते.

तरी काही मुले सुटलीच. ती गुरे राखायला जात. गुरे सोडून त्यांनी शाळेत यावे हे शक्य नव्हते, कारण त्या गुरांवर घर चाले. तेव्हा शिक्षक कुरणात जाऊ लागला. गुरे चरतात, मुले झाडाखाली बसतात, गुरे पांगली की दोघे उठून वळवून आणतात, बाकीचे तोवर शिकत राहतात. हीच कुरणशाळा. वेळापत्रक गुरांचे, अभ्यासक्रम रानाचा. मूल आज आले नाही तर तो त्याचा अपराध धरायचा नाही, ते येईल तेव्हा जिथे सुटले होते तिथून पुढे जायचे. एका वर्गात सगळे एका धड्यावर असण्याची कल्पनाच इथे उरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. दसरा-दिवाळी आली की गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आवराआवर सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत भांडीकुंडी, शेळी, म्हातारी असेल तर ती, आणि मुले. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या परिसरात कोप्या पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मूल तिथे. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, ते मात्र नसते. यावर काही झाले नाही असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या होत्या. मला त्या कुरणशाळेच्या सख्ख्या बहिणी वाटतात. पुढे मुलांना गावातच मागे ठेवून हंगामी वसतिगृहे चालवण्यावर भर आला. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर द्यायचे शिक्षण हमी कार्डही निघाले, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. आपल्यासोबत बी.ए.ला बसणाऱ्यांपैकी कोणी कोणी त्या कोप्यांतून आलेले आहेत. ते सांगतील की दुसऱ्या गावच्या शाळेत चार महिन्यांसाठी जाऊन बसणे म्हणजे काय असते. पुस्तक पुढे गेलेले किंवा मागे राहिलेले, गुरुजी अनोळखी, आणि शेवटच्या बाकावरची जागा ठरलेली.

आपल्या गतीने शिकवणाऱ्या यंत्राची खरी गरज कोणाला असेल तर ती या मुलाला. ज्याची शाळा दोनदा तुटते, त्यालाच जिथे सुटले तिथून पुढे नेणारे काही तरी हवे. तत्त्वतः टॅब हे करू शकतो. त्यात मुलाची नोंद राहते, आणि ती गंगाखेडहून कारखान्यापर्यंत त्याच्याबरोबर जाऊ शकते. परंतु मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. राज्याने मोबाईलवरून रोजचा अभ्यास पाठवला. त्याच वर्षी स्वाध्याय नावाचा उपक्रमही आला. दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत, मुलाने उत्तर द्यायचे, गुण लगेच कळत. कल्पना चांगली होती आणि ज्यांच्या घरी चांगला फोन होता त्या मुलांना तिचा उपयोगही झाला. पण घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, बाप उसाच्या फडात. कोपीत वीज नाही, फोनचे पैसे संपलेले. म्हणजे पुन्हा तीच खोट: मुलाची गती जपणारे साधन, पण साधनापर्यंत मुलाने चालत यायचे. अंगणवाडी निघण्यापूर्वी बोर्डीत जे घडले तेच.

ताराबाई आज असत्या तर टॅबच्या विरोधात असत्या असे मानायचे कारण नाही. ज्या बाईंनी इटालियन ठोकळे आधी आनंदाने हाती घेतले, त्यांना वस्तूंचे वावडे नव्हते. त्यांनी बहुधा आधी हे पाहिले असते की हा टॅब कोपीपर्यंत कोण घेऊन जाणार आहे, आणि गेल्यावर मुलाशेजारी कोण बसणार आहे. यंत्र मुलाचे उत्तर पाहते. मूल आज उपाशी आले आहे, रात्रभर जागले आहे, पाचटाने हात कापले आहेत म्हणून काचेवर बोट टेकवत नाही, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण दिले. त्या कोसबाडलाच राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी तेच काम १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या ग्रंथालयात असेल तर जरूर काढून वाचावे. ताराबाईंविषयी त्यात जेवढे कळते तेवढे कोठेच कळत नाही.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या वाड्यातला शब्द देशभर गेला. नावाबरोबर सगळे गेले असे मात्र म्हणता येत नाही. आहार गेला, वजनकाटा गेला, लसीकरण गेले. शिक्षण, जे ताराबाईंच्या दृष्टीने मुळात होते, ते पुष्कळ ठिकाणी मागे राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकत्र विचार केला, तेव्हा अंगणवाडीत शिकवलेही जावे याची सरकारला पुन्हा आठवण झाली. विकासवाडीत बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात येऊन तोवर साठाहून अधिक वर्षे लोटली होती.

अंगणवाडीतही आता मोबाईल आला आहे. २०२१ पासून सेविका पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर मुलांची नोंद भरतात. सुरुवातीला दिलेले फोन निकृष्ट आणि अ‍ॅप इंग्रजीत, म्हणून त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या, कारण त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन असते. मुलांची उंची, वजन, हजेरी, आहार, गरोदर बायकांची नोंद, घरभेटी, आणि त्यातून उरलेल्या वेळात तीस मुलांपैकी प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष. ताराबाईंच्या पद्धतीतले सर्वांत अवघड काम, म्हणजे गप्प बसून मुलाकडे पाहणे, ते आज या बाईकडे आहे. आपल्या वर्गातल्या काही जणींच्या आया हे काम करतात. पुढच्या अंकासाठी त्यांच्यापैकी कोणी एकीने आपल्या आईचा एक दिवस लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाला माझी सूचना आहे.